रिपोर्ट माझा, ओटीपी मुलाकडे

पत्राचा सारांश: पत्र लिहिणाऱ्या बाई ७१ वर्षांच्या आहेत, सांगली जिल्ह्यात एकट्या राहतात. टेलिफोन खात्यात ट्रंक ऑपरेटर, म्हणजे परगावचे फोन हातानं जोडून देणाऱ्या, म्हणून लागल्या आणि त्याच खात्यातून निवृत्त झाल्या. यजमान जाऊन आठ वर्षं झाली. मुलगा बंगळूरला, मुलगी नाशिकला. मधुमेह सोळा वर्षांचा. गोळ्या आणि रात्रीचं इन्सुलिन चालू. जुलैत पहाटे बाथरूमच्या दारात चक्कर येऊन पडल्या. मुक्या मारावर निभावलं, पण मुलानं धसका घेतला. चार दिवस रजा काढून आला आणि सगळी व्यवस्था लावून गेला. दंडावर साखर मोजणारा सेन्सर, त्याचे आकडे मुलाच्या फोनवर. हॉस्पिटलच्या नोंदणीत मुलाचा नंबर. अपॉइंटमेंट ॲपवरून तोच घेणार, रिपोर्टही त्यालाच जाणार.

तेव्हापासून हॉस्पिटलात गेलं की ओटीपीसाठी मुलाला फोन लावायचा, आणि तो मीटिंगमध्ये असतो. काउंटरवरची मुलगी म्हणाली, "आजी, घरात कुणी तरुण असेल तर त्यांना पाठवा, तुम्हाला नाही जमायचं." व्हिडिओवर डॉक्टर बोलले ते सगळं मुलाशी. रात्री तीनला मुलाचा फोन येतो, "आई ऊठ, साखर खा." दुपारी पुन्हा, "काय खाल्लंस?" आणि गेल्या आठवड्यात लेकीच्या तोंडून निसटलं की क्रिएटिनिन (किडनीचं काम कसं चाललंय ते सांगणारा रक्तातला घटक) वाढल्याचा रिपोर्ट तीन आठवड्यांपूर्वीच मुलाकडे आला होता. आईला टेन्शन नको म्हणून त्यानं सांगितलं नव्हतं. त्याच तीन आठवड्यांत गुडघा दुखतो म्हणून बाई मेडिकलमधून आणलेली गोळी रोज घेत होत्या.

त्या विचारतात: "सेन्सर उपटून टाकावासा वाटतो. पण मुलगा मायेनंच करतोय, मी कृतघ्न तर नाही ना? की या वयात आमचं डोकं चालत नाही हे मान्य करून गप्प बसावं?"

नमस्कार ताई,

काउंटरवरचं "आजी" तुमच्या पत्रात दोनदा आलंय, म्हणून मी ताईच म्हणते. एरवी आपल्याकडे आजी म्हणण्यात वावगं काही नाही. पण त्याच वाक्याच्या शेपटाला "तुम्हाला नाही जमायचं" लागलं की त्या आजीची चव बदलते.

तुमच्या शेवटच्या प्रश्नापासून सुरू करते. डोकं चालत नाही, हे ट्रंक बोर्डावर बसलेली बाई लिहितेय? कानाला हेडफोन, हातात कॉर्ड, समोर लुकलुकणारे दिवे. ऑर्डिनरी, अर्जंट, लाइटनिंग असे कॉल वेगवेगळे लक्षात ठेवायचे, तिकिटावर वेळ लिहायची, तीन मिनिटं झाली की आठवण करायची आणि मधूनच कुणी खेकसलं तर गोड आवाजात उत्तर द्यायचं. मग ते बोर्ड गेले, एसटीडी आलं, टेबलावर संगणक आले. हे सगळं नोकरी करता करता शिकलेली पिढी तुमची. हॉस्पिटलचं एक ॲप तिला जड जात असेल तर मी आधी ॲपकडे संशयानं बघेन.

'साठी बुद्धी नाठी' ही म्हण आपण लहानपणापासून ऐकतो. तरुणपणी ती दुसऱ्याला लावतो. मग एक दिवस चष्मा सापडत नाही आणि ती आपलीच आपल्याला लावून घेतो. अमेरिकन मनोविकारतज्ज्ञ रॉबर्ट बटलर यांनी १९६९ मध्ये याला 'एजिझम' असं नाव दिलं, आपण वयभेद म्हणूया. पुरुष बाईला हिणवतो तेव्हा तो पुढे कधी बाई होणार नसतो. वयावरून हिणवणारा मात्र जगला-वाचला तर त्याच रांगेत येऊन उभा राहतो. येल विद्यापीठाच्या बेका लेव्ही यांचा २००२ चा एक अभ्यास गाजला होता. स्वतःच्या म्हातारपणाबद्दल बरं मत असणारी माणसं सरासरी साडेसात वर्षं जास्त जगली, असं त्यात दिसलं. एवढ्यावरून "आनंदी राहा, आयुष्य वाढेल" असं औषध मी लिहून देणार नाही. पण तुमचं "गप्प बसावं का" हे वाक्य तब्येतीला सोसणारं नाही, एवढं मला नक्की वाटतं.

बटण दाबलं तरी दाबलं जात नाही, मग एकदम दोनदा दाबलं जातं, असंही तुम्ही लिहिलंय. हे डोक्याचं काम नव्हे ताई, कातडीचं आहे. वय वाढलं की बोटांची त्वचा कोरडी पडते आणि कोरडं बोट काचेला नीट कळत नाही. रेषा झिजतात म्हणून आधारच्या मशीनवर अंगठा उमटत नाही, त्यातलाच हा प्रकार. हाताला थोडं क्रीम लावून बघा. फोनच्या सेटिंगमध्ये 'ॲक्सेसिबिलिटी' किंवा 'सुलभता' असा भाग असतो. अक्षरं मोठी करता येतात, आणि बोट किती वेळ टेकल्यावर फोननं दखल घ्यायची तेही ठरवता येतं. दुकानातून फोन येतो तो पंचविशीतल्या बोटांसाठी लावून आलेला असतो, आणि पुढे त्याला कुणी हात लावत नाही.

आता रिपोर्टचं. तुमच्या पाच पानी पत्रात ही गोष्ट चौथ्या पानावर, दोन ओळींत उरकलीय. ती पहिल्या पानावर हवी होती. क्रिएटिनिन वाढतं ते बहुधा किडनीचं काम मंदावल्यामुळे. अशा वेळी डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेनसारख्या दुखण्याच्या गोळ्या किडनीवर आणखी भार टाकतात. शिवाय किडनी मंदावली की इन्सुलिन शरीरात जास्त वेळ रेंगाळतं आणि साखर नको तेव्हा खाली येते. जुलैतल्या चकरेचा याच्याशी संबंध आहे का, हे डॉक्टरच सांगू शकतील. पण त्यांना विचारायला हवं, आणि विचारायला तुम्हाला ते माहीत हवं.

मुलाला ॲपवर आकडा दिसत होता, पण तुम्ही मेडिकलमधून काय आणता हे बंगळूरला बसून दिसत नव्हतं. तुम्हाला गोळी दिसत होती, आकडा दिसत नव्हता. त्यानं माया केली, त्यात शंका नाही. पण त्या मायेनं तुमच्या हातातली गोळी काही थांबली नाही. गोळी गिळणारं माणूस आणि रिपोर्ट वाचणारं माणूस वेगवेगळं झालं की असंच होणार, मुलगा कितीही हुशार असो.

तुमच्या बोर्डावर पी. पी. कॉल असायचा. ज्याचं नाव दिलंय तोच माणूस लाइनवर आला तर बोलणं सुरू करून द्यायचं. घरातल्या दुसऱ्या कुणी उचलला तर "त्यांनाच बोलवा" म्हणायचं. मुलाला हे याच शब्दांत सांगा. माझा रिपोर्ट हा पी. पी. कॉल आहे, मी लाइनवर आल्याशिवाय जोडायचा नाही.

मुलावर मला फार रागावता येत नाही, कारण मी हेच केलंय. सासूबाईंना नवीन फोन घेतला तेव्हा त्याचा पिन मी माझ्या जन्मतारखेचा ठेवला. त्यांच्या लक्षात राहणार नाही, माझ्या तरी राहील म्हणून. दोन महिन्यांनी त्या शांतपणे म्हणाल्या, "माझ्या फोनला तुझा वाढदिवस का गं?" मला उत्तर देता आलं नाही. त्यांना त्यांच्या मॅट्रिकच्या परीक्षेचा नंबर तोंडपाठ होता.

तर हॉस्पिटलात जाऊन पहिलं काम नंबर बदलण्याचं. काउंटरवर तोंडी बोलू नका. साध्या कागदावर दोन ओळींचा अर्ज करा: माझ्या नोंदणीत माझा मोबाइल नंबर मुख्य असावा, मुलाचा दुसरा असावा, आणि दर रिपोर्टची छापील प्रत मला मिळावी. एक प्रत पोच घेऊन स्वतःजवळ ठेवा, सही-शिक्का मागा. सरकारी नोकरी केलेल्या माणसाला हे मी शिकवायला नको. रुग्णानं मागितल्यावर ७२ तासांच्या आत कागदपत्रं द्यायला हवीत, असं डॉक्टरांच्या आचारसंहितेच्या २००२ च्या नियमांतच लिहिलंय. त्यामुळे मागताना आवाज खाली घेऊ नका. आणि "घरात कुणी तरुण" असं पुन्हा ऐकू आलं तर एवढंच म्हणा, "पेशंट मी आहे, मला दाखवा कसं करायचं ते." रांगेत मागे उभ्या असलेल्या चार पांढऱ्या केसांनाही ते ऐकू जाईल.

सेन्सर मात्र उपटू नका, निदान डॉक्टरांशी बोलणं होईपर्यंत तरी. तुम्ही इन्सुलिनवर आहात, एकट्या राहता आणि एकदा पडलेल्या आहात. तुमच्यासारख्यांना त्याचा खरोखर उपयोग होतो. पण तो काय मोजतो हे तुम्हाला कुणी सांगितलेलं दिसत नाही. सेन्सर थेट रक्तातली साखर बघत नाही, कातडीखालच्या द्रवातली बघतो. म्हणून त्याचा आकडा खऱ्यापेक्षा काही मिनिटं मागे चालतो. आणि त्याच्यावर अंगाचा भार पडला की तो खोटाच कमी आकडा दाखवतो. तुम्ही लिहिलंय की झोपता डाव्या कुशीवर, सेन्सरही डाव्या दंडावर. रात्री तीनच्या काही फोनांमागे नुसतं तुमचं कूस बदलणं असेल! पुढचा सेन्सर उजव्या दंडावर लावून बघा, आणि रात्री गजर वाजलाच तर उठून ग्लुकोमीटरनं बोट टोचून खात्री करा. घाम, थरथर, धडधड असेल तर मात्र मोजत बसायचं नाही, आधी तीन चमचे साखर पाण्यातून घ्यायची, पंधरा मिनिटांनी मोजायचं. ग्लुकोमीटर उशाशी हवा, कपाटात नको.

तुमच्या पत्रात आणखी एक गोष्ट गृहीत धरलेली दिसते: सेन्सर लावला की आकडे मुलाकडे जाणारच. तसं काही नसतं. यंत्र तुमच्या दंडावर आहे, आकडे कुणाला दाखवायचे हे बहुतेक ॲपमध्ये दाखवणाऱ्यालाच ठरवता येतं, आणि बघणाऱ्यालाही कोणते गजर हवेत ते निवडता येतं. मुलाकडे फक्त साखर खाली गेल्याचा गजर जाऊ दे. जेवणानंतर वर गेलेली रेघ त्यानं बघायचं कारण नाही. ती रेघ बघून दुपारच्या "काय खाल्लंस" चा जन्म होतो, आणि पुरणपोळीचा अर्धा तुकडा खाणाऱ्या आईला पोलीस चौकीत बसल्यासारखं वाटतं.

शिवाय मुलगा कोणत्या आकड्याला जास्त म्हणतोय? चाळिशीतल्या माणसाला जी साखर राखायला सांगतात तीच सत्तरीत, इन्सुलिनवर असताना राखायला गेलं तर खाली घसरण्याचा धोका वाढतो. म्हणून या वयात डॉक्टर माणूस बघून मर्यादा थोडी सैल ठेवतात. पुढच्या भेटीत विचारा, "माझ्यासाठी किती ते किती?" आकडे डॉक्टरांच्या हातचे लिहून घ्या, फ्रिजवर लावा आणि त्याचा फोटो मुलाला पाठवा. पुष्कळसे फोन तिथेच थांबतील.

व्हिडिओ भेटीबद्दल. फोनवरून किंवा व्हिडिओवरून तपासण्याचे नियम आपल्याकडे २५ मार्च २०२० ला आले. रुग्णाची संमती त्यांच्या मुळाशी आहे. एवढंच काय, रुग्ण ती भेट मध्येच थांबवूही शकतो. तुम्ही समोर बसलेल्या असताना मुलानंच बोलावं असा नियम कुठेही नाही. सुरुवातीलाच म्हणा, "डॉक्टर, आधी मी सांगते, राहिलं तर हा भर घालेल." बहुतेक डॉक्टर वळतात. त्यांनाही घाई असते, आणि पटपट बोलणाऱ्याशी बोलायची सवय झालेली असते. ऐकायला त्रास होत असेल तर तोही तेव्हाच सांगून टाका. लपवला की उत्तरं चुकतात आणि समोरचा डोक्याला दोष देतो. पायाला सूज आहे, गुडघा तपासायचा आहे, तर व्हिडिओ नको, प्रत्यक्षच जा.

तुम्ही सत्तरी ओलांडलीय म्हणून आणखी एक. आयुष्मान वय वंदना कार्ड २९ ऑक्टोबर २०२४ पासून सत्तर आणि त्यापुढच्या सगळ्यांसाठी आहे, उत्पन्नाची अट नाही, वर्षाला कुटुंबामागे ५ लाख रुपयांपर्यंतचे उपचार. केंद्राच्या कर्मचाऱ्यांसाठी आणि निवृत्तांसाठी असलेल्या सीजीएचएससारख्या आरोग्य योजनेत नाव असेल तर दोन्हींपैकी एक निवडावी लागते, तेवढं बघून घ्या. हे कार्ड आधारवरून निघतं, म्हणून त्याआधी एक तपासा: तुमच्या आधारला कुणाचा मोबाइल जोडलाय? कितीतरी घरांत तिथे मुलाचा, जावयाचा, नाहीतर बंद पडलेला नंबर निघतो. आधार केंद्रात जाऊन स्वतःचा करून घ्या. अंगठा उमटत नसेल तर डोळ्यावरून किंवा चेहऱ्यावरून ओळख पटवण्याची सोय आहे का, ते विचारा. योजनेची चौकशी १४५५५ वर होते.

हेच पत्र ज्यांना आपलं वाटेल अशा इतरांसाठी थोडं. फोन नकोच असेल तर तसं म्हणायलाही हरकत नाही. सर्वोच्च न्यायालयानं ३० एप्रिल २०२५ च्या निकालात डिजिटल सेवांपर्यंत पोचणं हा जगण्याच्या हक्काचाच भाग मानला. प्रकरण ॲसिड हल्ल्यातल्या पीडितांचं आणि दृष्टिहीनांचं होतं, पण न्यायालयानं ज्येष्ठांचाही विचार केला. माझ्या मते पोचणं म्हणजे ज्याला ॲप जमत नाही त्याच्यासाठी खिडकी उघडी ठेवणंही आलं. ज्यांच्या घरी विस्मरणाचा आजार आहे त्यांचा प्रश्न निराळा आहे. तिथे दुसऱ्या कुणी फोन सांभाळावाच लागतो. पण तिथेही माणसाला विचारून, समोर बसवून. आणि मुलांनो, सुनांनो, शिकवायला बसाल तेव्हा हात पाठीमागे बांधून बसा. "दे इकडे, मी करते" म्हणून फोन हिसकावला की धडा संपला. गावातल्या ज्येष्ठ नागरिक संघात समवयस्काकडून शिकलेलं जास्त टिकतं असा माझा अनुभव आहे. तिथे "किती वेळा सांगायचं" असं कुणी म्हणत नाही, कारण सांगणारा स्वतःच काल विसरलेला असतो. वही ठेवा, एका दिवशी एकच गोष्ट. ओटीपी फोनवरून मागणाऱ्या अनोळख्याला देऊ नका. फसगत झालीच तर लाज न बाळगता लगेच सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, १९३० वर, फोन करा. इतर कोणत्याही मदतीसाठी ज्येष्ठांची हेल्पलाइन १४५६७.

मुलाशी बोलताना सेन्सरपासून सुरुवात करू नका, जुलैच्या पहाटेपासून करा. तो तेव्हा किती घाबरला हे तुम्ही त्याला विचारलंय का? पत्रात तरी दिसलं नाही. एवढ्या लांब बसलेल्या माणसाला आकडे हवे असतात, कारण दुसरं काही हाताला लागत नाही. त्याच्या हाताला काहीतरी द्या. रोज सकाळी साडेसातला एक मिस्ड कॉल. आठपर्यंत आला नाही तर त्यानं शेजारी फोन करायचा, आणि शेजारच्यांकडे तुमच्या दाराची किल्ली असायची. बाथरूममध्ये धरायला दांडा बसवून घ्या, तेही त्याच्याच हातून, पुढच्या सुट्टीत. कृतघ्न वगैरे शब्द मनातून काढून टाका. तुम्ही त्याची माया परत करत नाही आहात, तिला दुसऱ्या कामाला लावताय.

पण हे सगळं नंतर. या आठवड्यात, मुलाच्या अपॉइंटमेंटची वाट न बघता, रिपोर्टचा कागद घेऊन डॉक्टरांना प्रत्यक्ष भेटा. गुडघ्याची ती गोळी आजपासून बंद ठेवा, पण पाकीट फेकू नका, पिशवीत घालून न्या. सोबत एक चिठ्ठी: कुठल्या तारखेपासून, दिवसाला किती, वेळ कोणती. ट्रंकच्या तिकिटावर लिहायचात, तशीच.